द्वि-समस्थानिक हृद्-प्रतिमांकनातील गुणवत्तेचा प्रश्न : एक समीक्षा

प्रस्तावना

हृदयाच्या स्नायूला रक्तपुरवठा पुरेसा होतो की नाही, हे पाहण्यासाठी अणुवैद्यकात जी तपासणी केली जाते तिला महाराष्ट्रातील रुग्ण, नातेवाईक आणि पुष्कळदा डॉक्टरसुद्धा ‘स्ट्रेस थॅलियम’ असेच म्हणतात. प्रत्यक्षात या नावाखाली होणाऱ्या बहुतेक तपासण्यांत आता थॅलियम नसतेच. टेक्निशियम-९९एम या समस्थानिकाने चिन्हांकित केलेले सेस्टामिबी किंवा टेट्रोफॉस्मिन शिरेतून दिलेले असते. द्रव्य बदलले, नाव मात्र मागे राहिले. या दोन द्रव्यांचा संसार एकाच तपासणीत मांडण्याचा जो प्रयत्न १९९० च्या दशकात सुरू झाला, त्यास द्वि-समस्थानिक प्रतिमांकन म्हणतात. त्याची प्रतिमा अधिक चांगली कशी करता येईल, यावर गेल्या तीन दशकांत विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत समीक्षेचा विषय हे लेखन आणि त्यामागे गृहीत धरलेली ‘चांगल्या प्रतिमेची’ कल्पना हा आहे.

तपासणीचे तत्त्व साधे आहे. रुग्ण विश्रांत अवस्थेत असताना एक प्रतिमा घ्यावयाची आणि व्यायामाने किंवा औषधाने हृदयावर ताण आणून दुसरी. स्नायूच्या एखाद्या भागात दोन्ही प्रतिमांत पोकळी दिसली, तर तो भाग बहुधा मृत झालेला असतो. ती केवळ ताणाच्या प्रतिमेत दिसली व विश्रांतीच्या प्रतिमेत भरून आली, तर स्नायू जिवंत आहे, परंतु त्याची रक्तवाहिनी अरुंद आहे, असा अर्थ होतो. मृत स्नायूला नवे रक्त देऊन फारसा लाभ नाही. जिवंत स्नायूला तो असू शकतो. अँजिओप्लास्टी अथवा बायपास करावी की औषधांवर भागवावे, हा निर्णय ज्या पुराव्यांवर उभा राहतो त्यांत या दोन प्रतिमांमधील फरकाला महत्त्वाचे स्थान आहे. प्रत्येक प्रतिमा एकेकटी कशी दिसते, ही दुय्यम गोष्ट होय.

लॉस एंजेलिस येथील सीडार्स-सायनाय रुग्णालयात डॅनियल बर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये विश्रांतीसाठी थॅलियम-२०१ आणि ताणासाठी टेक्निशियम सेस्टामिबी अशी जोडी प्रमाणित केली. थॅलियमची प्रतिमा आधी घेतली की तिच्या कमी ऊर्जेच्या किरणांचा नंतरच्या टेक्निशियमच्या प्रतिमेस फारसा उपद्रव होत नाही. त्यामुळे दोन इंजेक्शनांत तासन्‌तास थांबावे लागत नाही आणि सारी तपासणी सुमारे दीड तासात आटोपते. गर्दीच्या रुग्णालयाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता. साहजिकच पुढची पायरी सुचली : दोन्ही द्रव्ये शरीरात असताना एकदाच कॅमेरा फिरवून दोन्ही प्रतिमा एकाच वेळी का घेऊ नयेत? वेळ निम्मा होईल, रुग्ण हलला तरी दोन्ही प्रतिमांत सारखाच हलेल आणि दोन्ही चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसतील. १९९४ मध्ये कियाट व सहकाऱ्यांनी स्वतंत्र आणि एकाचवेळच्या पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. तेव्हापासून या क्षेत्रातील बहुतेक प्रयत्न एकाच अडथळ्याभोवती फिरत राहिले. एका समस्थानिकाचे किरण दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात, हा तो अडथळा.

दूषण कोठून येते

गॅमा कॅमेऱ्यातील सोडियम आयोडाइडचा स्फटिक येणाऱ्या प्रत्येक फोटॉनची ऊर्जा मोजतो. टेक्निशियमच्या फोटॉनची ऊर्जा १४०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (पुढे केईव्ही) असते. थॅलियम-२०१ चे विघटन होऊन पारा बनतो आणि प्रतिमेसाठी प्रामुख्याने वापरले जातात ते या पाऱ्याचे सुमारे ६९ ते ८० केईव्ही ऊर्जेचे क्ष-किरण. शिवाय १६७ केईव्हीचे गॅमा किरण सुमारे दहा टक्के विघटनांत निघतात. कॅमेऱ्यात ७२ केईव्हीच्या आसपास एक ऊर्जा-खिडकी आणि १४० च्या आसपास दुसरी उघडली की दोन समस्थानिक वेगळे झाले, असे प्रथमदर्शनी वाटते.

प्रास्ताविक परिच्छेदांत नेहमी आढळणारे एक विधान असे की, टेक्निशियमचे फोटॉन शरीरात विकिरण पावून ऊर्जा गमावतात आणि थॅलियमच्या खिडकीत उतरतात. विधान खोटे नाही, परंतु ते फारच घाईचे आहे. कॉम्प्टनच्या सूत्रानुसार १४०.५ केईव्हीचा फोटॉन काटकोनात वळला तर त्याच्याजवळ सुमारे ११० केईव्ही उरतात आणि तो थेट उलटा फिरला तरी सुमारे ९०.६. एका विकिरणात त्याखाली जाता येत नाही. थॅलियमची खिडकी तीस टक्के रुंद धरली तर ती साधारण ६१ ते ८३ केईव्ही इतकी पसरते. म्हणजे एकदाच विकिरण पावलेला टेक्निशियमचा फोटॉन या खिडकीत कायदेशीर मार्गाने शिरूच शकत नाही. जे शिरतात ते दोन किंवा अधिक वेळा वळलेले असतात, किंवा ९०-९५ केईव्हीचे असून स्फटिकाच्या नऊ-दहा टक्क्यांच्या अपुऱ्या ऊर्जा-विभेदनामुळे चुकून खाली मोजले जातात. याशिवाय तिसरा एक स्रोत आहे आणि तो शरीरात नसून कॅमेऱ्यातच आहे. कॉलिमेटरच्या शिशात टेक्निशियमचा फोटॉन शोषला गेला की शिसे स्वतःचे क्ष-किरण सोडते, आणि त्यांची मुख्य ऊर्जा ७३ व ७५ केईव्ही असते. म्हणजे थॅलियमच्या खिडकीचा जवळजवळ मध्यच.

हा तपशील केवळ काटेकोरपणासाठी नोंदविलेला नाही. अनेकदा वळलेल्या फोटॉनला आपण हृदयाच्या कोणत्या भागातून निघालो याची स्मृती उरत नाही. त्याचे दूषण पसरट, धुक्यासारखे असते. शिशाचे क्ष-किरण मात्र टेक्निशियमचा फोटॉन कॉलिमेटरवर जेथे आदळला त्याच्या आसपासच उमटतात. दोन दूषणांचे आकार वेगळे, म्हणून त्यांचे उपायही वेगळे असावयास हवेत. दोन्हींना ‘क्रॉसटॉक’ या एकाच नावाखाली घालून एकाच गुणकाने वजा करणाऱ्या पद्धती येथेच पहिली चूक करतात.

उलट दिशेचे दूषण, म्हणजे थॅलियमच्या १३५ व १६७ केईव्हीच्या किरणांचे टेक्निशियमच्या खिडकीत येणे, तुलनेने किरकोळ आहे. किरकोळ आहे म्हणून ते सोडून देण्याची प्रथा पडली, हे समजण्यासारखे आहे.

दूषणाचे प्रमाण ठरविताना दिलेल्या मात्रांकडे पाहण्याची सवय आहे. प्रचलित पद्धतीत थॅलियम तीन ते चार मिलिक्युरी आणि टेक्निशियम पंचवीस ते तीस मिलिक्युरी, म्हणजे सुमारे आठपट, देत असत. परंतु हृदयाचा स्नायू दिलेल्या थॅलियमपैकी जवळपास तीन-चार टक्के उचलतो आणि सेस्टामिबीपैकी एक ते दीड टक्काच. प्रत्यक्ष स्नायूत टेक्निशियमचे वर्चस्व आठपट न राहता अडीच-तीनपटीवर येते. मग उरलेले टेक्निशियम जाते कोठे? सेस्टामिबी यकृतातून पित्तात आणि पित्तातून आतड्यात उतरते. म्हणून एकाचवेळच्या प्रतिमेत थॅलियमच्या चित्रावर पडणारे धुके केवळ हृदयातून येत नाही; त्याचा मोठा वाटा पोटातून, हृदयाच्या खालच्या बाजूने वर येतो. हृदयाची अधर भित्ती आधीच मध्यपटलामुळे होणाऱ्या क्षीणनाने फिकी दिसत असते. तिच्यावरच हा परकीय उजेड पडतो आणि क्षीणनाने झालेली उणीव तो भरून काढल्याचा आभास निर्माण करतो. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि चित्र डोळ्यांना निर्दोष दिसते.

यात आणखी एक भर आहे. जो रुग्ण ट्रेडमिलवर चालू शकतो त्याच्या यकृतात सेस्टामिबी कमी साठते, कारण व्यायामात रक्त स्नायूंकडे वळते. गुडघेदुखीने, वयाने किंवा अर्धांगाने जो चालू शकत नाही त्याला अ‍ॅडेनोसिन किंवा डायपिरिडॅमोल देऊन ताण आणावा लागतो आणि त्याचे यकृत उजळून निघते. म्हणजे एकच दुरुस्ती-पद्धत धडधाकट रुग्णात अधिक यशस्वी आणि दुर्बल रुग्णात कमी यशस्वी ठरण्याची शक्यता असते. छाती आणि हृदय एवढेच असलेल्या, यकृतात नाममात्र किरणोत्सार भरलेल्या प्रतिकृतीवर, म्हणजे फॅन्टमवर, पद्धतीची परीक्षा घेतली तर ही विषमता कधी समोरच येत नाही.

वजाबाकीची किंमत

दूषण ओळखले की ते वजा करावे, हा स्वाभाविक विचार. जॅशचॅक व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दोन खिडक्यांची आणि ओगावा व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तीन खिडक्यांची पद्धत मांडली. या मुळात एकाच समस्थानिकाच्या विकिरणासाठी सुचविलेल्या होत्या. पुढे त्या द्वि-समस्थानिक प्रतिमांकनात आणल्या गेल्या. ओगावांच्या पद्धतीत मुख्य खिडकीच्या दोन्ही कडांना अरुंद खिडक्या ठेवून त्यांतील नोंदींवरून मध्यल्या दूषणाचा अंदाज करतात. तिचा साधेपणा एवढा मोहक आहे की कोणत्याही कॅमेऱ्यावर, कोणत्याही जादा गणनेशिवाय ती चालते. तिची किंमत मात्र अंकगणिताने तपासावी लागते.

समजा, एका चित्रबिंदूत थॅलियमच्या खऱ्या नोंदी १०० आहेत आणि दूषणाच्या ६०. एकूण १६० नोंदींची सांख्यिकीय अनिश्चितता त्यांच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १२.६ असते. दूषणाचा अंदाज दैवी कृपेने बिनचूक ठरला, तरी वजाबाकीनंतर उरलेल्या १०० नोंदींवर अनिश्चितता १० ऐवजी १२.६ राहतेच. परंतु अंदाज बिनचूक नसतो. मुख्य खिडकी २२ केईव्ही रुंद आणि बाजूच्या खिडक्या प्रत्येकी ३ केईव्ही रुंद धरल्या, तर बाजूच्या नोंदींना सुमारे ३.७ ने गुणावे लागते. ६० च्या अंदाजासाठी बाजूला मिळणाऱ्या नोंदी अवघ्या सोळा. त्यांची अनिश्चितता चार, आणि गुणाकारानंतर ती जवळपास पंधरा. दोन्ही मिळून अंतिम अनिश्चितता साडेएकोणीसच्या घरात जाते. पूर्वग्रह गेला, पण नॉइज जवळजवळ दुप्पट झाला. मग ती लपविण्यासाठी प्रतिमा गुळगुळीत केली जाते, आणि गुळगुळीत करताना लहान दोषाची कड बोथट होते. ज्यासाठी हा सारा खटाटोप केला तेच पुसले जाते.

यावरचा अधिक प्रगल्भ उपाय म्हणजे वजाबाकीच न करणे. शेप आणि वार्डी यांनी १९८२ मध्ये मांडलेली व हडसन आणि लार्किन यांनी १९९४ मध्ये वेगवान केलेली पुनरावर्ती पुनर्रचना येथे उपयोगी पडते. तिच्यात दूषणाचा अंदाज मोजलेल्या नोंदींतून काढून न टाकता, अपेक्षित नोंदींच्या गणितात मिळविला जातो. ‘थॅलियमपासून एवढे आणि दूषणापासून एवढे मिळून मोजमाप का आले’ असा प्रश्न संगणकाला घातला जातो. नोंदींचे पॉइसाँ स्वरूप त्यामुळे अबाधित राहते. दूषणाचा अंदाज करण्यासाठी मॉन्टे कार्लो पद्धतीने लक्षावधी फोटॉनांचा प्रवास रुग्णाच्या स्वतःच्या क्षीणन-नकाशातून गणिला जातो. द याँग, बेकमन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये टेक्निशियम-थॅलियम जोडीसाठी अशी दुरुस्ती मांडली. टेक्निशियम आणि आयोडीन-१२३ या जोडीसाठी एल फाखरी, औयांग, मूर यांचे संयुक्त पुनर्रचनेचे कार्य त्याच परंपरेतील आहे. या मार्गाचे श्रेय निर्विवाद आहे. दूषणाला त्याचा खरा आकार देण्याची क्षमता प्रथम येथे आली.

तथापि या मार्गाची सारी मदार क्षीणन-नकाशावर आहे. नकाशा सीटी स्कॅनमधून येतो. सीटी काही सेकंदांत आणि बहुधा एका श्वासाच्या स्थितीत होते, तर गॅमा कॅमेरा कित्येक मिनिटे श्वासोच्छ्वास चालू असताना नोंदी गोळा करतो. फुप्फुस आणि हृदय यांची सीमा दोहोंत जुळली नाही, तर अचूक भौतिकी चुकीच्या भूगोलावर चालविली जाते. मॉन्टे कार्लोचा प्रत्येक फोटॉन नियमाने चालतो, परंतु तो ज्या छातीतून चालतो ती रुग्णाची त्या क्षणाची छाती नसते.

अलीकडे दूषणाचा अंदाज प्रशिक्षित संगणकीय जाळ्यांकडून करून घेण्याचे प्रयत्न वाढले आहेत. कल्पना नवी नाही. मेंदूच्या द्वि-समस्थानिक प्रतिमांसाठी कृत्रिम मज्जा-जाळी २००० च्या सुमारासच वापरली गेली होती. जाळे ज्या प्रकारच्या हृदयांवर शिकते, त्या प्रकारची हृदये ते उत्तम दुरुस्त करते. विरळ स्वरूपाचा दोष असलेल्या रुग्णात ते नेहमीचे चित्र ‘आठवून’ दोष भरून टाकू शकते. अशी चूक नॉइजसारखी दिसत नाही, तिला कड असते आणि ती विश्वास ठेवण्याजोगी दिसते. म्हणून ती अधिक धोक्याची.

नवा शोधक, दूषणाचा नवा आकार

कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या अर्धवाहकाचे शोधक, म्हणजे सीझेडटी, हृदयाच्या खास कॅमेऱ्यांत २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. फोटॉनची ऊर्जा येथे प्रकाशाच्या मध्यस्थीवाचून थेट विद्युतभारात बदलते आणि ऊर्जा-विभेदन पाच-सहा टक्क्यांपर्यंत सुधारते. या कॅमेऱ्यांचे कॉलिमेटर टंगस्टनचे असल्याने शिशाच्या ७३-७५ केईव्हीच्या किरणांचा त्रासही बव्हंशी संपतो. टंगस्टनचे मुख्य क्ष-किरण ६० केईव्हीच्या खाली-जवळ असतात. २०१० मध्ये बेन-हाइम व सहकाऱ्यांनी अशा कॅमेऱ्यावर एकाचवेळच्या द्वि-समस्थानिक प्रतिमांकनाची व्यवहार्यता दाखविली, तेव्हा जुना प्रश्न निकालात निघाला अशी भावना निर्माण होणे स्वाभाविक होते.

परंतु सीझेडटीचा स्वतःचा एक दोष आहे. फोटॉनने निर्माण केलेला विद्युतभार काही वेळा पूर्णपणे गोळा होत नाही, किंवा शेजारच्या दोन चित्रबिंदूंत विभागला जातो. तेव्हा १४० केईव्हीचा सरळ आलेला फोटॉन कमी ऊर्जेचा म्हणून नोंदविला जातो. वर्णपटात शिखराच्या डावीकडे याची एक लांब शेपटी दिसते आणि ती थॅलियमच्या खिडकीपर्यंत पोहोचते. येथे निर्णायक मुद्दा असा की, हे फोटॉन कोठेही वळलेले नाहीत. त्यांच्या दूषणात टेक्निशियमच्या प्रतिमेची रेखीवता शाबूत असते.

याचा वैद्यकीय परिणाम पाहिला पाहिजे. सोडियम आयोडाइडच्या कॅमेऱ्यात दूषण प्रामुख्याने धुक्यासारखे होते. ते विश्रांतीच्या प्रतिमेतील मृत स्नायूची पोकळी अंशतः भरून काढते. ताणाच्या प्रतिमेत पोकळी खोल आणि विश्रांतीच्या प्रतिमेत उथळ दिसते, आणि मृत स्नायू जिवंत वाटू लागतो. सीझेडटीच्या शेपटीचे दूषण मात्र ताणाच्या चित्राचा ठसाच विश्रांतीच्या चित्रावर उमटविते. ताणाखाली रक्त न मिळालेला पण जिवंत भाग विश्रांतीच्या प्रतिमेतही थोडा पोकळ दिसतो, आणि जिवंत स्नायू मृतवत् वाटू लागतो. पहिल्या चुकीने एखाद्या रुग्णावर निष्फळ शस्त्रक्रिया होईल. दुसरीने दुसऱ्याची उपयुक्त शस्त्रक्रिया टळेल. ‘क्रॉसटॉक कमी झाला’ या एका आकड्यात या दोन चुकांची दिशा दिसत नाही. दूषणाचे एकूण प्रमाण निम्मे झाले आणि त्याची दिशा उलटली, तर तपासणी सुधारली की बिघडली हे त्या आकड्यावरून सांगता येणार नाही. सीझेडटीवरील द्वि-समस्थानिक अभ्यासांचे मूल्य ठरविताना हा प्रश्न पहिला विचारावयास हवा.

दोन प्रतिमा, दोन भौतिकी

दूषण पूर्णपणे नाहीसे झाले असे क्षणभर मानले, तरी एक अडचण उरते आणि ती १९९३ च्या मूळ, स्वतंत्र प्रतिमांच्या पद्धतीतही होती. थॅलियम आणि टेक्निशियम यांची चित्रे एकाच हृदयाची असूनही सारखी नसतात. पाण्यासारख्या ऊतीच्या दहा सेंटिमीटर थरातून ७० केईव्हीचे साधारण १४-१५ टक्के फोटॉन सरळ बाहेर पडतात, तर १४० केईव्हीचे सुमारे २२ टक्के. थॅलियमच्या चित्रात विकिरणाचा वाटा अधिक आणि नोंदी कमी. म्हणून ते अधिक पुसट. पुसट चित्रात डाव्या जवनिकेची भित्ती जाड आणि पोकळी लहान दिसते.

आता विश्रांतीचे चित्र थॅलियमचे आणि ताणाचे टेक्निशियमचे असल्यास काय होईल? ताणाखाली जवनिका फुगल्याचा आभास होईल. ताणानंतर जवनिका तात्पुरती फुगणे हे तर गंभीर हृदयरोगाचे मान्यताप्राप्त लक्षण आहे. १९८७ मध्ये वाइस व सहकाऱ्यांनी थॅलियम-थॅलियम तुलनेत या गुणोत्तराची सीमा १.१२ धरली होती. १९९६ मध्ये माझांती व सहकाऱ्यांना द्वि-समस्थानिक तपासणीत ती १.२२ ठेवावी लागली. दोन अभ्यासांची मापनतंत्रे भिन्न होती, त्यामुळे सगळा फरक भौतिकीच्या खाती टाकणे योग्य होणार नाही. तरीही समस्थानिकांतील विषमता उंबरठा वर उचलून सामावून घेतली गेली, ती दूर केली गेली नाही, हे त्यातून दिसते. उंबरठा सर्वांसाठी एकच असतो. विषमता मात्र कृश व्यक्तीत कमी आणि स्थूल व्यक्तीत जास्त असते.

एकाचवेळच्या प्रतिमांकनाचा एक गुण या संदर्भात पुरेसा वापरला गेलेला नाही. दोन्ही प्रतिमा एकाच क्षणी, एकाच जवनिकेच्या घेतलेल्या असतात. त्यांत पोकळीचा आकार वेगळा दिसला तर, ताणाखाली आतल्या थराला रक्त कमी मिळाल्याचा अपवाद सोडता, तो फरक खरा असूच शकत नाही. निरोगी व्यक्तींत तो शून्यावर आला पाहिजे. क्षीणन, विकिरण, विभेदन आणि दूषण या साऱ्या दुरुस्त्या एकत्रितपणे यशस्वी झाल्या की नाही, याची ही प्रत्यक्ष रुग्णावरील कसोटी होऊ शकते, तीही फॅन्टमशिवाय. प्रतिमांतील नॉइजचे प्रमाण किंवा चित्र डोळ्यांना कसे वाटते यांपेक्षा ही कसोटी अधिक कठोर आहे. उलट बाजूने, एकाचवेळच्या पद्धतीत जवनिका तात्पुरती फुगल्याचे लक्षण मूलतःच हरवते, हेही मान्य करावे लागते. एका मोलाच्या लक्षणाचा त्याग करून सोय विकत घेतली जाते, आणि या व्यवहाराची नोंद सोयीच्या बाजूला क्वचितच मांडली जाते.

दुसरा त्याग शरीरक्रियेच्या बाजूचा आहे. सेस्टामिबी पेशीच्या तंतुकणिकांत जाऊन बसले की फारसे हलत नाही. थॅलियमची वागणूक पोटॅशियमसारखी; ते पेशीत शिरते, बाहेर येते आणि पुन्हा वाटले जाते. विश्रांतीत थॅलियम दिले, मग रुग्णाला ताण दिला, टेक्निशियम दिले, यकृत निवळण्याची वाट पाहिली आणि नंतर एकच प्रतिमा घेतली, तर थॅलियमचे चित्र ‘विश्रांतीचे’ राहिले का? तोपर्यंत पुनर्वाटप सुरू झालेले असते. जिवंत स्नायू शोधण्यास हे पुनर्वाटप कधी उपकारकही ठरते, पण ते झाले हे चित्रावर लिहिलेले नसते. फॅन्टममधले थॅलियम दिवसभर जागच्या जागी राहते. रुग्णातले राहत नाही. पुनर्रचनेचे कोणतेही गणित ही उणीव भरून काढू शकत नाही.

गुणवत्ता कोणत्या कामासाठी

प्रतिमेची गुणवत्ता म्हणजे तिने नेमून दिलेले काम किती चांगले करावे, ही भूमिका हॅरिसन बॅरेट आणि काइल मायर्स यांनी २००४ च्या ‘फाउंडेशन्स ऑफ इमेज सायन्स’ या ग्रंथात विस्ताराने मांडली. त्यासाठी गणिती निरीक्षकांची, म्हणजे दोष आहे की नाही हे ठरविणाऱ्या संगणकीय वाचकांची, साधने उपलब्ध आहेत. द्वि-समस्थानिक लेखनात त्यांचा वापर झाला आहे, परंतु निरीक्षकाला दिलेले काम बहुधा ‘या चित्रात दोष आहे काय’ असे असते. वैद्याचे काम ‘या चित्रात आहे तो त्या चित्रात भरून येतो काय’ हे असते. पहिल्या कामात उत्तम ठरलेली दुरुस्ती दुसऱ्यात नापास होऊ शकते. टेक्निशियमच्या चित्राला विभेदन-दुरुस्ती देऊन ते धारदार केले आणि थॅलियमचे पुसटच ठेवले, तर एक चित्र निःसंशय सुधारते आणि दोहोंतील खोटा फरक वाढतो. कधी कधी चांगले चित्र दुसऱ्याच्या पातळीपर्यंत मुद्दाम पुसट करणे अधिक प्रामाणिक ठरेल. ‘सुधारणा’ या शब्दाला ही सूचना मानवत नाही, म्हणूनच कदाचित ती फारशी कोणी करीत नाही.

या साऱ्यावर प्रारणमात्रेची छाया आहे. थॅलियम-२०१ चे अर्धायुष्य सुमारे ७३ तास, टेक्निशियमचे सहा. साहजिकच थॅलियमयुक्त पारंपरिक द्वि-समस्थानिक तपासणीत रुग्णाला मिळणारी मात्रा केवळ टेक्निशियमच्या तपासणीच्या दुपटीच्या आसपास किंवा अधिक असते. अमेरिकेच्या अणुहृद्‌रोग संस्थेने २०१० मध्ये असे लक्ष्य ठेवले की, २०१४ पर्यंत किमान निम्म्या तपासण्या ९ मिलिसिव्हर्ट किंवा त्याखाली व्हाव्यात. जुनी द्वि-समस्थानिक पद्धत त्या चौकटीत बसत नाही. बर्मन यांच्याच गटाने २००९ मध्ये क्रम उलटा केला. सीझेडटी कॅमेऱ्यावर ताणासाठी थोडे थॅलियम आणि त्यानंतर विश्रांतीसाठी टेक्निशियम देऊन सारी तपासणी वीस मिनिटांच्या आसपास आणली. क्रम उलटला की पोकळीच्या आकाराची चूकही उलटते, कारण आता ताणाचे चित्र पुसट असते. तेव्हा जुना १.२२ चा उंबरठा येथे लावणे निरर्थक होय.

पुरवठ्याची बाजूही येथे नोंदली पाहिजे. कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टी मे २००९ ते ऑगस्ट २०१० बंद राहिली, तेव्हा मॉलिब्डेनमअभावी टेक्निशियमचा तुटवडा झाला आणि अनेक रुग्णालये थॅलियमकडे परतली. थॅलियम सायक्लोट्रॉनमध्ये तयार होते, भट्टीवर अवलंबून नसते. कोलकात्यात २०१८ पासून कार्यरत झालेल्या ‘सायक्लोन-३०’ या यंत्राची ऊर्जा अशा समस्थानिकांसाठी पुरेशी आहे. म्हणून थॅलियमचा अभ्यास कालबाह्य म्हणून सोडून देणे शहाणपणाचे नाही.

मात्र एकाचवेळच्या प्रतिमांकनाचे खरे क्षेत्र विश्रांती-ताण जोडीत नसून दोन भिन्न प्रश्न एकत्र विचारण्यात असावे, असे दिसते. जपानमध्ये थॅलियमबरोबर आयोडीन-१२३ ने चिन्हांकित केलेले बीएमआयपीपी हे मेदाम्ल देऊन रक्तपुरवठा आणि मेदाचे ज्वलन यांची तुलना केली जाते. स्नायूला रक्त मिळते, पण मेद जळत नाही, असा विसंवाद नुकत्याच होऊन गेलेल्या रक्तन्यूनतेची खूण मानला जातो. ७० आणि १५९ केईव्ही यांच्यातील अंतर मोठे असल्याने खिडक्याही सुखाने वेगळ्या राहतात. आयोडीनच्या ५२९ केईव्हीच्या थोड्या किरणांनी कॉलिमेटर भेदण्याचा त्रास तेवढा हिशेबात धरावा लागतो. दोन द्रव्यांची वाटणी मुळातच वेगळी असल्याने येथे एका चित्राचा ठसा दुसऱ्यावर पडला तर तो ओळखू येण्याची शक्यता अधिक असते. हृदयाच्या चेतापुरवठ्यासाठी आयोडीन-१२३ चे एमआयबीजी आणि रक्तपुरवठ्यासाठी टेक्निशियम ही जोडी मात्र १५९ आणि १४० अशी खेटून बसलेली आहे; सीझेडटीचे विभेदन त्यांना शिखरावर वेगळे करते आणि त्याचीच शेपटी आयोडीनला टेक्निशियमच्या खिडकीत पुन्हा घेऊन येते.